वेल उतरवायचा दिवस

पौष अमावास्येच्या रात्री केसलापूरला नागोबाची पूजा होते. त्या पूजेसाठी मेस्राम कुळातले गोंड पायी गोदावरीवर, जन्नारमकडच्या हस्तिनमडुगूला जाऊन पाणी आणतात, आणि मग जत्रा भरते. आमचा गोंडांशी संबंध बाजारापुरता आणि शेतातल्या कामापुरता. पण आमच्या इचोड्याच्या घरात या जत्रेला एक घरगुती अर्थ होता. "नागोबा झाला, आता वेल उतरवा," असं आजी म्हणायची. तिला पंचांग वाचता येत नव्हतं. जत्रेहून माणसं परतायला लागली की तिच्या परसाचा हंगाम संपायचा.

मृग लागला की परसात आळी करून बिया टोचायच्या. वाल, दुधी, कोहळं, दोडकं, कारलं, घोसाळं. पोळ्यापर्यंत वेल तुराट्यांच्या आधाराने भिंतीवर चढत आणि दसऱ्यापर्यंत कवेलूंच्या छपरावर हातपाय पसरत. पौषात पानं करपत, वेलांच्या दोऱ्या होत, आणि खालून पाहिलं तर छपरावर नुसतं वाळलेलं जाळं दिसे. भाजी त्या जाळ्यात लपलेली. ती काढून छप्पर मोकळं करणं भाग होतं, कारण होळीच्या आत कवेलू फेरायचे असत. शिवाय चुली लाकडाच्या, घरं एकमेकांना लागून. उन्हाळ्यात छपरावर वाळका वेल ठेवणं म्हणजे ठिणगीची वाट पाहत बसणं.

मी वजनाने हलका, म्हणून मला वर चढवत. खाली आजी, तिच्या हातात बांबूची आकडी आणि तोंडात सूचना. "पाय वाशावर ठेव रे. कवेलू फुटला तर तुझ्या बापाला काय सांगू?" मी वाशाचा अंदाज घेत, बसत बसत सरकायचो. वाळल्या पानांचा भुगा मानेत जायचा आणि दिवसभर खाजायचं. हात घातला की एखादा दुधी सापडे, लाकडासारखा टणक. वालाच्या शेंगा झुपक्याने निघत. कोहळं मात्र मला एकट्याला पेलत नसे, ते काका शिडीवर उभे राहून घेत आणि तान्ह्या मुलासारखं छातीशी धरून उतरत.

"ते नको काढू!" आजी एकदम ओरडायची. "ते बियाचं हाय." प्रत्येक वेलावर एखादं फळ तिने दिवाळीच्या आधीच हेरून ठेवलेलं असे आणि त्याच्या देठाला चिंधी बांधलेली असे. चिंधीच्या फळाला हात लावायचा नाही, मग घरात पाहुणे येवोत की भाजी संपो. माझ्या माहितीत त्या घरातला हा एकच नियम असा होता, की जो आजोबांनाही लागू होता.

इचोडा म्हणजे नागपूर-हैदराबाद रस्त्यावरचं गाव, आदिलाबादच्या दक्षिणेला तीसेक किलोमीटर. आमच्या लहानपणी त्या रस्त्याचा नंबर सात होता, आता चव्वेचाळीस आहे. आजीचं माहेर किनवटकडचं. तिचं लग्न झालं तेव्हा माहेर आणि सासर एकाच जिल्ह्यात, निजामाच्या आदिलाबाद जिल्ह्यात होतं. १९५६ मध्ये भाषेवरून प्रांत पाडले तेव्हा किनवट आणि राजुरा तिकडे मराठी मुलुखात गेले आणि आम्ही इकडे आंध्रात राहिलो. पुढे २०१४ मध्ये पुन्हा राज्य बदललं आणि २०१६ मध्ये जिल्ह्याचेही चार झाले. आजीने यातलं पहिलंच पाहिलं, आणि त्याचीही तिने फारशी दखल घेतली नाही. माहेराहून यायचं ते बी येतच राहिलं.

उतरवलेली भाजी अंगणात पोत्यावर पडली की खरं काम सुरू व्हायचं. हंगामाच्या सुरुवातीची भाजी कोणालाही करता येते. श्रावणातलं कोवळं दोडकं चिरून फोडणीत टाकलं तरी गोड लागतं; त्यात सुगरणीची परीक्षा कसली! परीक्षा या शेवटच्या ढिगाची असायची. जून झालेलं, अर्धवट भरलेलं, किडीने एका बाजूने खाल्लेलं, उन्हाने पिवळं पडलेलं. बाजारात याला गिऱ्हाईक नाही. घरातल्या बायकांना मात्र त्यातल्या प्रत्येक नगाची जागा माहीत होती.

वालाचंच पाहा. एकाच झुपक्यात कोवळी शेंग, दाणा भरलेली शेंग आणि खुळखुळा वाजणारी शेंग अशा तिन्ही अवस्था असत. कोवळ्या शेंगा शिरा काढून त्याच रात्री भाजीत. खुळखुळ्या शेंगांचे वाल फोडून डब्यात, ते पुढे भिजवून मोड आणून उसळीला. मधली जी शेंग, जिची साल चामड्यासारखी झाली आहे पण आतला दाणा अजून ओला आहे, तीच खरी चवीची. आई आणि काकू उन्हात बसून त्या सोलायच्या. त्या दाण्यांना आजी लोखंडी कढईत तेलावर आधी नुसतं परतायची, मीठसुद्धा नाही. दाण्याचा उग्र वास जाऊन भाजक्या शेंगदाण्यासारखा वास आला की मग कांदा, लसूण, लाल तिखट, भाजलेल्या तिळाचा कूट, गुळाचा खडा आणि आधणाचं पाणी. थंड पाणी घातलं तर दाणा दडस राहतो, हे तिचं म्हणणं. मी पुढे दोन्ही करून पाहिलं. फरक पडतो.

तुरीचे सोले याच दिवसांत. शेतात कापसाच्या पाट्यांमधून तूर असे आणि परसाच्या कुंपणालाही दहा-बारा झाडं. शेतातली तूर विकायची, कुंपणाची खायची. सोले-वांग्याची भाजी आता लग्नाच्या पंगतीतही मिळते, पण तिथे सोले अख्खेच शिजवतात आणि वरून तेलाचा थर सोडतात. आमच्याकडे निम्मे सोले पाट्यावर ओबडधोबड ठेचायचे. त्या ठेचलेल्या सोल्यांनी रस्सा मिळून येतो, वेगळं कूट लागत नाही. वांगी शेवटच्या तोडणीची, बिया धरलेली, जरा कडसर. पण सोल्यांच्या गोडव्यापुढे तो कडूपणा बेताचा वाटायचा, किंबहुना हवासा. तेलंगणातल्या हवामानाच्या बातम्यांत थंडीचा सगळ्यांत खालचा आकडा अनेकदा आदिलाबादकडचाच असतो. त्या थंडीत सकाळी चुलीपुढे बसून ज्वारीच्या गरम भाकरीवर रात्रीची शिळी सोले-वांगी घेऊन खाण्यात जे सुख होतं, त्याला शिळं म्हणणं जिवावर येतं.

शेजारच्या घरात एक तेलुगू अव्वा होती. अव्वा म्हणजे आजी. तिला मराठी समजायची पण ती बोलायची नाही, आणि आमच्या आजीचं तेलुगूच्या बाबतीत तसंच. दोघी आपापल्या भाषेत बोलत आणि मधल्या कुडाच्या भिंतीवरून भाजीची देवाणघेवाण चाले. आजीचा वाल हा अव्वाचा चिक्कुडू, आजीची अंबाडी ही अव्वाची पुंटिकूर. वेल उतरवायच्या दिवशी ती हमखास यायची, कारण आमची भेदरं. टमाट्यांना आजी भेदरं म्हणायची. माघ लागेपर्यंत ती झाडं थकलेली, पानं मुरडलेली, आणि वर लिंबाएवढी हिरवी फळं. ही काही आता पिकत नाहीत. आजी त्यातली बरी पाहून गव्हाच्या भुशात पुरून ठेवी, आणि बाकीची अव्वा पाट्याशी घेऊन बसे.

तिची ती चटणी मी अजून विसरलो नाही. हिरव्या भेदरांच्या फोडी तव्यावर थेंबभर तेलात, कडा काळ्या होईपर्यंत. बाजूला हिरव्या मिरच्या, फट मारून. भाजलेले तीळ आधी वाटायचे, मग मिरची-मीठ-लसूण, आणि भेदरं सगळ्यांत शेवटी. त्यांना वाटायचं नाही, नुसतं दाबायचं, म्हणजे फोड हाताला लागली पाहिजे. ती याला पच्चडी म्हणायची आणि गरम भातावर तेल घालून खायची. आजी त्यालाच ठेचा म्हणायची आणि भाकरीवर घ्यायची. दोघींची एकमेकींबद्दलची तक्रार सारखीच होती: पदार्थ चांगला, पण हिला खायची रीत नाही.

वांग्याच्या फोडी, गवारीच्या जून शेंगा, कारल्याच्या चकत्या बाजेवर धोतराच्या फडक्यात वाळत पडत. अव्वा त्यांना वरुगुलू म्हणायची. वैशाखात, जेव्हा विहिरीच्या तळाला गाळ दिसू लागे आणि परसात हिरवं पान उरत नसे, तेव्हा हेच पाण्यात भिजवून चिंचेच्या कोळात शिजे. मिरच्यांना चीर देऊन ताकात भिजवून वाळवायचं, तेही दोन्ही घरांत. दोडक्याच्या शिरा टाकून देणारी सून आळशी समजली जाई. त्यांची तीळ घालून कुरकुरीत चटणी होते. घोसाळी वाळून आत जाळी झाली की ती अंग घासायला न्हाणीत टांगलेली. लाकडासारख्या दुध्यातलं बी काढून एखादा गोंड किंवा कोलाम म्हातारा तो मागून न्यायचा. तो वाळवून पोकळ केला की पाण्याचा तुंबा. शेतात त्यातलं पाणी माठासारखं गार राहतं.

अंबाडीचं तर काहीच वाया जात नसे. पाला उन्हाळ्यापर्यंत पुरत नाही, दिवाळीनंतर तिला फुलं येतात आणि पानं बारीक होतात. पण फुलं गळून राहिलेली लाल, आंबट, जाड पाकळ्यांची बोंडं चटणीला. आणि झाडं कापून ओढ्यात कुजत घातली की त्यांचा वाख निघे. त्याच्या दोऱ्या, बैलांची दावी, आणि पुढल्या वर्षी वेलांना बांधायची सुतळीसुद्धा. आता शहरातल्या दुकानांत त्याच बोंडांचा सरबताचा पाक बाटलीत मिळतो. एका भाचीने हैदराबादहून आणला होता. किंमत पाहून मी बाटली परत शेल्फावर ठेवली आणि दुसऱ्या दिवशी, पाहुणे आल्यावर, गुपचूप उघडली.

कोहळं म्हणजे आमच्याकडे लाल भोपळा; पुण्याकडच्या वाचकांनी पेठ्याचं समजू नये. ती माळ्यावर गवतात ठेवली जात, एकमेकांना न टेकवता. टेकली की कुजतात. एक-एक काढून गूळ आणि कणीक घालून बोंडं तळायची. शेवटचं कोहळं अक्षय्यतृतीयेपर्यंत पुरलं तर ते वर्ष चांगलं गेलं असं आजी धरायची. अशी वर्षं फार आली नाहीत.

हे सगळं मी घरात कधीमधी रंगून सांगतो. एकदा आईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुला चव आठवते. मला पाणी आठवते." दिवाळी सरली की पाऊस नाही. न्हाणीचं सांडपाणी अळूला आणि केळीला जाई, बाकीच्या आळ्यांना विहिरीवरून आणावं लागे. सकाळ-संध्याकाळ मिळून वीस-बावीस घागरी, असं ती म्हणते. घागरी मी मोजल्या नव्हत्या. मी छपरावर होतो. वालाच्या शेंगा सोलून तिची नखं काळी पडत आणि दोन-दोन आठवडे तशीच राहत, हेही मला ती बोलल्यावर आठवलं. ताटात जून भाजीची जी करामत दिसे ती हौसेची नव्हती. घरात अकरा माणसं, कापसाचे पैसे वर्षातून एकदा, आणि आठवडी बाजारात भाजी विकत आणणं म्हणजे कमीपणा. भाजीपाला पिकवून विकणं हे इकडच्या मराठी माळ्यांचं काम, आपण परसावर भागवायचं, अशी समजूत. तेव्हा "जुनं ते सोनं" म्हणताना जरा जपून. त्या सोन्याला पाणी कोणी घातलं ते विचारावं.

आई आता सत्तरीच्या पुढे आहे. सकाळी भोंगा लावलेली भाजीची गाडी येते तेव्हा ती दारात जाऊन उभी राहते आणि बाराही महिने फ्लॉवर मिळतो याचा तिला मनापासून आनंद होतो. मदनपल्लीकडचे टमाटे, कुठून कुठून आलेली ढोबळी मिरची, फ्रीजमध्ये मटारची पिशवी. मिशन भगीरथाचा नळ अंगणात आहे. तिला घागर उचलावी लागत नाही. यातलं काहीही परत नेऊन जुनं द्या असं मी म्हणत नाही, आणि म्हटलं तर ती मला घरात घेणार नाही.

पण परस गेलं ते एकाएकी नव्हे, आणि आळसानेही नव्हे. एकेक गोष्ट सरकत गेली. १९८३ मध्ये एन. टी. रामारावांच्या सरकारने दोन रुपये किलोने तांदूळ द्यायला सुरुवात केली. गरिबाच्या घरी रोज भात शिजू लागला, ही मोठीच गोष्ट झाली. ज्वारी मात्र ताटातून आणि मग शेतातून मागे सरली. शेतात सोयाबीन आलं, कापूस वाढला, २००२ नंतर बीटीचा कापूस आला. ज्वारीच नाही तर कण्या कुठून येणार? आणि ज्वारीच्या कण्यांशिवाय अंबाडीची भाजी म्हणजे नुसता आंबट चिखल. तांदळाची कणी घालून पाहिली. ती मऊ होते, अंबाडीला पकडून ठेवत नाही. कापसात तणनाशक फवारलं जाऊ लागलं तसे बांधावरचे तांदुळजा, घोळ, कुंजीर हेही गेले. या भाज्या कोणी पेरत नसे, म्हणून त्या गेल्याचंही कोणाच्या लक्षात आलं नाही.

आमच्या घराचे कवेलू उतरून स्लॅब पडला तेव्हा वेलांचं छप्पर गेलं. खरं सांगायचं तर स्लॅब पडला त्या दिवशी आम्ही पेढे वाटले होते. पावसात गळणाऱ्या घरात ज्याने रात्री भांडी मांडली आहेत त्याला कवेलूंचं काव्य सुचत नाही. परसाच्या निम्म्या जागेत काकांच्या मुलांची खोली झाली, उरलेल्या जागेत फरशी. सांडपाणी शोषखड्ड्यात.

एवढं होऊनही भिंतीच्या कडेने काही वेल तगले असते. त्यांना संपवलं माकडांनी. पूर्वी काळतोंडे वानर यायचे, वर्षातून दोनदा, टोळीने, आणि कुत्रं भुंकलं की जायचे. आता लालतोंडी माकडं गावातच राहतात. ती भाजी खात नाहीत, ती बाग लावणाऱ्याचा पाणउतारा करतात. कोवळा दुधी तोडायचा, एक चावा घ्यायचा आणि टाकायचा, मग पुढचा. जंगल विरळ झालं, मोठ्या रस्त्यावर गाड्या थांबवून लोक केळी टाकतात, मग माकडांनी डोंगरात कशाला राहावं? ही तक्रार एवढी वाढली की २०२० मध्ये राज्य सरकारने निर्मलजवळ माकडं पकडून त्यांची नसबंदी करायचं केंद्रच उघडलं. आमच्या गल्लीतल्या माकडांना त्याची बातमी अजून पोचलेली दिसत नाही.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगी. त्या दिवशीची मिसळीची भाजी अजून आमच्या घरी होते, तीळ लावलेल्या भाकरीसह. वांगी, वाल, गाजर, सोलाणे, ओले शेंगदाणे, दोन-चार बोरं. पूर्वी ही भाजी म्हणजे परसाचा जमाखर्च असे. यंदा काय टिकलं ते त्या एका कढईत दिसायचं. एका वर्षी गाजरं आली नव्हती तर गाजर नव्हतं, कोणी खंत केली नाही. आता भोगीच्या आदल्या दिवशी बाजारात 'भोगी मिक्स' अशी पिशवीच मिळते. सगळं चिरलेलं, सोललेलं. पिशवीतले वालाचे दाणे एकसारखे, सुबक, आणि त्यांना कसलाच वास नाही. मी परततो तव्यावर, नुसतं तेलात, मीठ न घालता, आणि त्या भाजक्या वासाची वाट पाहतो. दाणे शिजतात, वास येत नाही.

मला वाटतं, आपल्याकडून भाज्या गेल्या त्यापेक्षा भाजीचा शेवट गेला. कोवळं दोडकं आजही मिळतं, जून दोडकं कोण विकणार? भरल्या शेंगेचा वाल, बिया धरलेलं वांगं, न पिकलेलं भेदर, हे बाजारात येण्याआधीच निवडून फेकलेलं असतं. आणि जे मुळात फेकायचं होतं त्यातूनच तर आजीचा निम्मा स्वयंपाक झाला होता. सदासर्वकाळ कोवळं मिळायला लागल्यावर जून भाजी शिजवायची विद्या कोणाला शिकवायची? माझ्या मुलीला सोले-वांगी आवडतात. तिने ती मोबाइलवर पाहून केली आणि बरी झाली. तिच्या हातात तुरीच्या शेंगांचा ढीग दिला तेव्हा मात्र तिने विचारलं, यातली कोणती घ्यायची. मी सांगायला गेलो आणि माझ्या लक्षात आलं, हे मला डोळ्यांनी कळतं, बोलून सांगता येत नाही. कडक झालेल्या शेंगेची पाठ जराशी फुगते आणि हिरवा रंग मळकट होतो. असं काहीतरी मी म्हणालो. तिने मान हलवली, जशी मी आजीपुढे हलवायचो.

स्लॅबवर आता चार ड्रम आहेत, अर्धे कापलेले. आमच्याच मंडळातलं मुखरा (के) हे गाव गांडूळखतासाठी नावारूपाला आलं आहे. खत मी तिथलंच वापरतो. ड्रमांवर मासे धरायच्या जाळ्याचा मांडव केला, माकडांसाठी. शेजाऱ्यांना तो कोंबड्यांचा खुराडा वाटतो. वालाचं बी किनवटकडच्या आत्याने दिलं. तिच्याकडे ते आजीकडूनच गेलं होतं, राखेत घोळून, औषधाच्या जुन्या बाटलीत, बूच घट्ट लावून. आमच्या घरातलं ते बी स्लॅब पडला त्या वर्षीच हरवलं होतं. कोणी टाकलं असं नाही. ज्या कोनाड्यात बाटली असायची तो कोनाडाच राहिला नाही.

दोन वर्षं काही आलं नाही. पहिल्या वर्षी जाळी ढिली राहिली, दुसऱ्या वर्षी मावा पडला. गेल्या मृगात सात बिया टोचल्या, पाच उगवल्या, त्यातले तीन वेल मांडवावर चढले. आई रोज सकाळी पायऱ्या चढून वर यायची, वेलांकडे बघायची आणि काही न बोलता खाली जायची. एकदा मात्र खाली आल्यावर म्हणाली, "मधल्या वेलावर, जाळीच्या कोपऱ्यात, एक लांब शेंग हाय. चिंधी बांध."

नागोबाची जत्रा झाल्यावर वेल उतरवले. तिन्ही मिळून सव्वा किलो शेंगा निघाल्या, बहुतेक मधल्या अवस्थेतल्या. आईने त्या उन्हात बसून सोलल्या आणि नखं काळी झाली म्हणून मला बोलली. परतायला घेतल्यावर वास आला. चिंधीच्या शेंगेतून चार दाणे निघाले. एक किडका होता, तीन बाटलीत आहेत.